चार बाइट आणि आतून लागलेली कडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सचे मशीन, सगळे अपडेट केलेले. प्रोग्रॅम साध्या युजरने चालवला, रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार कुठेच दिलेला नाही. तरीही अख्खे मशीन गोठले. माउस हलेना, दुसऱ्या मशीनवरून पिंग केले तर उत्तर नाही, शेवटी बटण दाबून धरून बंद करावे लागले. ‘ऑपरेटिंग सिस्टिम असताना असे होतेच कसे? प्रोसेसरमध्येच बग असू शकतो का? आणि असेल तर तो बदलायचा का?’

असू शकतो. पण आधीच सांगतो, पंचवीसेक वर्षे सर्व्हर सांभाळताना खरे प्रोसेसर-बग मी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पाहिले. प्रोसेसरवर आळ आला आणि शेवटी रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) नाहीतर नुसती धूळ निघाली, अशी प्रकरणे मात्र मोजायची सोडून दिली. म्हणून आधी ‘होतेच कसे’ ते सांगतो, मग तुमच्या मशीनकडे वळू.

ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमवर पहारा देते असे आपण म्हणतो, पण तुमचा प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा प्रोसेसरच्या त्या कोअरवर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालत नसतोच. तो मेमरीत निपचित पडलेला असतो. पहारा देतो तो प्रोसेसर. कर्नलने फक्त नियम आधी लिहून ठेवलेले असतात: मेमरीची ही पाने याची, ती नाहीत, या इन्स्ट्रक्शन याला वर्ज्य, अमुक वेळाने टायमर वाजला की मला उठव. प्रोग्रॅमने नियम मोडला की प्रोसेसर हातातले काम टाकतो, एका तक्त्यात बघतो की या गुन्ह्यासाठी कुणाला उठवायचे, आणि तिथे उडी मारतो. या तक्त्याला इंटरप्ट डिस्क्रिप्टर टेबल म्हणतात. ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर त्यातली प्रत्येक नोंद ८ बाइटची असते. ० क्रमांकाची नोंद शून्याने भागाकार केल्यास, ६ क्रमांकाची चुकीची इन्स्ट्रक्शन आल्यास, १४ क्रमांकाची पेज फॉल्टसाठी, म्हणजे मेमरीचे पान गैरहजर किंवा वर्ज्य निघाल्यास. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता समजा, कर्नलला उठवायला निघालेला प्रोसेसर वाटेतच अडखळला. मग कर्नल उठतच नाही. त्याचा कोड कितीही चोख असो, तो चालवणारेच कुणी उरत नाही.

१९९७ च्या नोव्हेंबरात पेंटियमबाबत नेमके हेच उघड झाले. त्या बगला सगळे ‘एफ डबल-ओ एफ’ म्हणतात, कारण त्याचे चार बाइट सोळा पायाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिले तर असे दिसतात: एफ०, ०एफ, सी७, सी८. शेवटचा बाइट सी८ पासून सीएफ पर्यंत कुठलाही चालतो. मूळ पेंटियम आणि पेंटियम एमएमएक्स दोन्हींत हा दोष होता; पेंटियम प्रो आणि पेंटियम टू त्यातून सुटले.

हे चार बाइट म्हणजे काय ते जवळून बघण्यासारखे आहे. मधले दोन बाइट एका इन्स्ट्रक्शनचे आहेत. ती मेमरीतले ८ बाइट उचलते, दोन रजिस्टरांत (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) मिळून असलेल्या ८ बाइटांशी ताडून बघते आणि जुळले तर मेमरीत नवे मूल्य टाकते. शेवटचा बाइट सांगतो की मेमरीत कुठे. पण सी८ ते सीएफ म्हणजे मेमरी नव्हे, रजिस्टर. पेंटियमच्या एका रजिस्टरात मावतात ४ बाइट. तेव्हा ही इन्स्ट्रक्शन निरर्थक. प्रोसेसरने ६ क्रमांकाची नोंद बघावी, कर्नलला उठवावे, कर्नलने प्रोग्रॅम मारावा, विषय संपला. नुसते शेवटचे तीन बाइट दिले तर अगदी असेच व्हायचे.

खोड पहिल्या बाइटात आहे. एफ० म्हणजे ‘लॉक’. ज्या मशीनवर दोन प्रोसेसर एकच मेमरी वापरतात तिथे वाचणे आणि लिहिणे या दोन्हींच्या मध्ये दुसऱ्याने घुसू नये म्हणून पहिला बसला, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या सामायिक वाटेला, आतून कडी लावून घेतो. वाचतो, लिहितो, मग कडी काढतो. कडी लावल्यावर वाचनामागून लेखन येणारच, हे बसवरच्या सगळ्यांनी गृहीत धरलेले. पेंटियमने काय केले, तर या निरर्थक इन्स्ट्रक्शनसाठी कडी लावली, मग लक्षात आले की ही चुकीची आहे, म्हणून ६ क्रमांकाची नोंद वाचायला निघाला, पण कडी तशीच ठेवून. नोंद वाचायची असते, तिच्यात लिहायचे काहीच नसते. लेखन कधी येत नाही, कडी कधी निघत नाही, आणि प्रोसेसर त्या लेखनाची वाट बघत जागच्या जागी थिजतो. टायमर वाजत असतो, ऐकायला कुणी नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही टायमरसारखा इंटरप्टच (हातातले काम थांबवायला लावणारी हाक), तोही ऐकला जात नाही. उरते फक्त रिसेटचे बटण.

यात कुठलाही अधिकार लागत नाही. सी भाषेत चार बाइटांचा अ‍ॅरे, तो फंक्शन समजून बोलावायचा. एक ओळ.

ती ओळ मी स्वतः लिहिली आहे, हे कबूल करतो. तेव्हा कॉलेजात होतो. लॅबमध्ये एकच लिनक्स सर्व्हर, पेंटियम १६६, आणि टर्मिनलांवर वीसेक मुले. बातमी वाचली होती, पण ‘साध्या अकाउंटवरून कसे चालेल’ असे वाटत होते. चालले. एका क्षणात वीसच्या वीस पडद्यांवरचे कर्सर थांबले. कुणाचे प्रोजेक्ट सेव्ह नव्हते, कुणाची सबमिशन दुसऱ्या दिवशी होती. सरांनी लाइट गेली का ते बघितले, मग यूपीएस बघितला, मग सर्व्हर रिसेट केला. मी गप्प. पुढचा महिनाभर त्या लॅबमध्ये मुलांना उगाचच चहा पाजत होतो, त्याचे कारण आज लिहितो आहे.

दोष सिलिकॉनमध्ये, विकल्या गेलेल्या लाखो चिपांमध्ये. पेंटियममध्ये आजच्यासारखी मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्रॅम) बदलण्याची सोय नव्हती. मग दुरुस्ती सॉफ्टवेअरने कशी केली? मला आजही ती युक्ती या धंद्यातली सर्वांत देखणी वाटते.

मेमरीची पाने ४०९६ बाइटांची असतात. तक्ता पानाच्या सुरुवातीला न ठेवता असा सरकवायचा की ० ते ६ या पहिल्या सात नोंदी, म्हणजे ५६ बाइट, एका पानाच्या अगदी तळाशी येतील आणि ७ पासून पुढच्या नोंदी दुसऱ्या पानावर. मग पहिले पान ‘गैरहजर’ म्हणून मांडायचे. आता चार बाइट आले, प्रोसेसरने कडी लावली, ६ क्रमांकाची नोंद वाचायला गेला, तर पानच नाही! म्हणजे पेज फॉल्ट, नोंद १४. ती दुसऱ्या पानावर शाबूत आहे. या दुसऱ्या फॉल्टपायी पहिली अडकलेली वाट सुटते आणि प्रोसेसर कर्नलपर्यंत पोचतो. कर्नलचा पेज फॉल्टचा कोड बघतो की फॉल्टचा पत्ता तक्त्यातलाच आहे का. त्यातून तक्त्याची सुरुवात वजा करतो, ८ ने भागतो, उत्तर ६ आले की समजतो: हाच तो. प्रोग्रॅमला ‘चुकीची इन्स्ट्रक्शन’ म्हणून मारून टाकतो, बाकीचे मशीन चालू. लिनक्सने हे आणखी सुटसुटीत केले. पान गैरहजर ठेवण्याऐवजी ‘फक्त वाचा’ असे मांडले. कडी लावून केलेले वाचन म्हणजे लिहिण्याचा इरादा, म्हणून फॉल्ट फक्त या बगलाच येतो. शून्याने भागाकारासारख्या रोजच्या भानगडींना वळसा पडत नाही.

बग आहे तिथेच राहिला. फक्त तिथे पोचण्याआधी प्रोसेसर दुसऱ्या एका बिनबगाच्या खड्ड्यात पडेल अशी व्यवस्था केली. पुढे प्रोसेसर-बगांवरची बरीचशी सॉफ्टवेअर-दुरुस्ती याच वळणाची दिसेल. (विंडोज ९५ वाल्यांना या बगाची फारशी झळ बसली नाही, कारण ते मशीन गोठवायला प्रोसेसरच्या बगाची गरजच नव्हती.)

त्याच सुमारास सायरिक्स या दुसऱ्या कंपनीच्या ६एक्स८६ प्रोसेसरमध्ये याचा चुलतभाऊ सापडला. मॉस्कोतले सर्गेई श्तिल्योव हार्ड डिस्कचा ड्रायव्हर असेंब्लीत लिहीत होते, तेव्हा त्यांच्या हाती तो लागला. इथे चुकीची इन्स्ट्रक्शन एकही नाही. तीन ओळींचे चक्र: मेमरी आणि रजिस्टर यांची अदलाबदल करा, ते रजिस्टर दुसऱ्यात उतरवा, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. मेमरीशी अदलाबदल करणारी इन्स्ट्रक्शन न सांगता कडी लावते. सायरिक्सची पाइपलाइन (एकामागून एक इन्स्ट्रक्शन पुढे सरकवणारी साखळी) इतकी चपळ होती की एक कडी निघायच्या आत पुढच्या फेरीची कडी लागायची, आणि इंटरप्ट घ्यायला मधे फटच उरायची नाही. प्रोसेसर जिवंत, कामात, पण बाहेरच्या जगाला बहिरा. म्हणून नाव पडले ‘कोमा’. दाखवण्यासाठी जो छोटा सी प्रोग्रॅम फिरत असे, त्यात अदलाबदलीसाठी ठेवलेले चार बाइट अक्षरांत वाचले तर ‘6x86’ असे निघत. मारलेल्याच्या नावाची चिठ्ठी खिशात ठेवल्यासारखे! इलाज होता प्रोसेसरच्या कॉन्फिगरेशनमधला एक बिट चालू करून कडी लावणेच बंद करण्याचा.

आजचे बग इतके सरळ नाहीत. तेव्हा चार बाइट पुरे होते. आता कित्येक अटी एकाच वेळी जुळून याव्या लागतात, म्हणून ते कारखान्यातल्या चाचण्यांतून निसटतात आणि भलत्याच लोकांना सापडतात. मूळसंख्या शोधणाऱ्यांना, उदाहरणार्थ. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने मान्य केले की प्राइम९५ हा प्रोग्रॅम विशिष्ट आकाराची गणिते करत असताना त्यांचे स्कायलेक प्रोसेसर गोठतात. १,४९,४२,२०९ हा घातांक दिला की हमखास. दुरुस्ती बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, अपडेटमधून आली. २०१७ च्या मार्चमध्ये एएमडीच्या नव्याकोऱ्या रायझनची तीच गत: गुणाकार आणि बेरीज एका दमात करणाऱ्या एफएमए३ इन्स्ट्रक्शन लागोपाठ चालवणारा एक वेग मोजायचा प्रोग्रॅम मशीनच गोठवायचा. तिथेही बायोस अपडेट.

ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण ती तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. २०१६ मध्ये एका मोठ्या वापरकर्त्याने ओकॅमलच्या कर्त्यांना कळवले की प्रोग्रॅम अधूनमधून, काही नेम नसताना, कोसळतो. त्या कर्त्यांपैकी झेवियर लरॉय यांनी आधी आपल्यासारखाच संशय घेतला: रॅम खराब असेल, तापत असेल. पण मशीन धडधाकट होते. मग लक्षात आले की कोसळणे फक्त स्कायलेकवरच, आणि हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन कामे, म्हणजे थ्रेड, एकदम चालवण्याची सोय) बंद केले की थांबते. जीसीसी या कंपायलरने ज्या पद्धतीने गार्बेज कलेक्टरचे (वापरून झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या कोडचे) एक छोटे चक्र ऑप्टिमाइझ केले होते, तेवढे बदलले तरी थांबते. जून २०१७ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने जाहीर सूचना काढली तेव्हा अटी कळल्या: ६४ पेक्षा कमी इन्स्ट्रक्शनचे चक्र हवे, त्यात एएच सारखे अर्धे-मुर्धे रजिस्टर आणि त्याचेच पूर्ण रूप दोन्ही वापरलेले हवे, आणि त्याच कोअरवरचे दोन्ही थ्रेड जागे हवेत. तिन्ही जुळले तर काय होईल ते सांगता येत नाही. इथे मशीन गोठेलच असे नाही; प्रोग्रॅम मरेल, किंवा त्याहून वाईट, चुकीचे उत्तर देऊन पुढे चालत राहील.

अलीकडचा रेप्टार. नोव्हेंबर २०२३, क्रमांक सीव्हीई-२०२३-२३५८३, शोधला गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी. मेमरीतले बाइट इकडून तिकडे नेणारी एक जुनी इन्स्ट्रक्शन आहे. तिच्यापुढे एक असा प्रिफिक्स लावता येतो, ज्याला तिथे काहीच अर्थ नाही. प्रोसेसरने तो दुर्लक्षून पुढे जायचे असते. आइस लेक या पिढीपासून इंटेलने छोट्या प्रती झपाट्याने करण्याची सोय घातली, आणि अशा सोयीच्या चिपांवर या निरर्थक प्रिफिक्सने गोंधळ उडू लागला. उड्या भलतीकडे पडत, विनाअट उडीची इन्स्ट्रक्शनसुद्धा पाळली जात नसे, आणि एकाहून जास्त कोअरवर एकदम केले की प्रोसेसर ‘मशीन चेक’ची तक्रार करून थांबे. घरच्या लॅपटॉपवर हे झाले तर आपण रिस्टार्ट करतो. क्लाउडवर मात्र भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनमधल्या साध्या युजरने खालचा खरा सर्व्हर पाडावा, म्हणजे एका बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवला आणि अख्ख्या चाळीचे पाणी गेले. इलाज मायक्रोकोडचा होता, आणि तो लगेच आला.

असाच भाडेकरू-घरमालक प्रकार २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला होता. मेमरीच्या पानाचा आकार मध्येच बदलला आणि जुनी नोंद पुसली गेली नाही, तर कोड वाचताना प्रोसेसरला एकाच पत्त्याच्या दोन नोंदी सापडत आणि तो थांबे. केव्हीएमने (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाने) इलाज काढला: पाहुण्याला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, मोठी पाने द्यायची, पण त्यातून कोड चालवायची परवानगी द्यायची नाही, मागितली की पान तोडून छोटे करायचे. पुन्हा तेच, बिनबगाचा खड्डा आधी खणून ठेवायचा.

आणि ही फक्त इंटेल-एएमडीची मिरास नाही. २०२४ मध्ये जर्मनीतल्या सिस्पा संस्थेच्या संशोधकांनी रिस्क-५ या वेगळ्या प्रोसेसर-रचनेच्या शुआनटिए सी९०६ आणि सी९०८ या कोअरवर साध्या युजरने प्रोसेसर थांबवणारे इन्स्ट्रक्शनचे क्रम दाखवले.

आता तुमचे मशीन.

गोठले तेव्हा कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का बघा. लागत असेल तर कर्नल जिवंत आहे, आणि प्रोसेसरचा विषय बहुधा तिथेच संपला. ग्राफिक्स ड्रायव्हरकडे बघा. लागत नसेल तर डिस्कचा दिवा बघा. अखंड लुकलुकत असेल तर रॅम भरली आहे आणि स्वॅपची (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवण्याची) धावपळ चालू आहे. साध्या युजरच्या प्रोग्रॅमने लिनक्स ‘गोठण्याचे’ हे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण. दहा मिनिटे चहा घेऊन या, मशीन सावरलेले असेल किंवा प्रोग्रॅम मेलेला असेल.

दोन्ही दिवे मेलेले असतील तर बायोसमध्ये जाऊन ओव्हरक्लॉक, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय), व्होल्टेज कमी करायच्या क्लृप्त्या, सगळे बंद करा. ज्याला ‘मी काहीच छेडलेले नाही’ अशी खात्री असते त्याच्या मशीनवर एक्सएमपी हटकून चालू असते. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर. मग पंखा. एका ऑफिसात दर दुपारी तीनच्या सुमारास मशीन गोठायचे, आणि तिथल्या हुशार मुलाने इंटेलच्या त्रुटींची पीडीएफ छापून माझ्यापुढे ठेवली होती, पिवळ्या पेनाने रेघा मारून. मे महिना होता. हीटसिंक काढला तर खाली गोधडीसारखा धुळीचा थर. तरी पीडीएफ वाचणाऱ्या मुलाचे मला कौतुकच वाटले. ती कागदपत्रे प्रोसेसरच्या दोषांची अधिकृत यादी असतात आणि फार थोडे लोक ती उघडतात.

त्यानंतर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ (/proc/cpuinfo) फाइल उघडा. तीन ओळी उतरवून घ्या: मॉडेलचे नाव, स्टेपिंग (चिपची आवृत्ती), मायक्रोकोड. त्याच फाइलमध्ये ‘बग्ज’ अशीही ओळ असते आणि तिच्यात दहा-बारा नावे बघून लोक हबकतात. हबकू नका. या जातीच्या प्रोसेसरचे कोणकोणते आजार ठाऊक आहेत त्याची ती यादी आहे. मायक्रोकोड महत्त्वाचा. तो चिपमध्ये कायमचा बसत नाही. वीज गेली की पुसला जातो आणि प्रत्येक बूटला बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम तो पुन्हा भरते. ‘सगळे अपडेट केलेले’ असे तुम्ही म्हणता त्यात बायोस आहे का? आणि डेबियन असेल तर मायक्रोकोडचे पॅकेज वेगळे असते, ते बसवलेले आहे का? रेप्टारसारख्या बगांचा इलाज तिथूनच येतो, कर्नलच्या अपडेटमधून नाही.

रिस्टार्टनंतर ‘जर्नलसीटीएल’ (journalctl) या कमांडने मागच्या बूटचा कर्नल लॉग बघा आणि त्यात ‘एमसीई’ (mce, म्हणजे मशीन चेकची नोंद) शोधा. सापडले तर प्रोसेसरने स्वतःच तक्रार नोंदवलेली आहे. काहीच न सापडणे हा मात्र निर्दोषत्वाचा पुरावा नाही. कडी लावून बसलेला प्रोसेसर लॉग लिहीत नाही.

आणि प्रोसेसर बदलायचा का, हे एकाच गोष्टीवर ठरते. तोच प्रोग्रॅम, तोच इनपुट, त्याच मॉडेलच्या आणि त्याच मायक्रोकोडच्या दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. मित्राचे असो, दुकानातले असो. तिथेही गोठले तर साच्यातच खोट आहे. त्या साच्यातून निघालेली प्रत्येक मूर्ती तशीच असणार, नवा घेऊन पैसे वाया जातील. मायक्रोकोडची वाट बघा, तोवर हायपरथ्रेडिंग बंद करून फरक पडतो का ते बघा, आणि तो प्रोग्रॅम जपून ठेवा, कारण बनवणाऱ्या कंपनीला हवा असतो तो नेमका असा हमखास गोठवणारा नमुना. दुसऱ्या मशीनवर निमूट चालला, तर तुमचा नग खराब आहे, किंवा बोर्ड, किंवा एसएमपीएस. वॉरंटीचे बिल शोधून ठेवा, आणि दुकानात जाण्याआधी एसएमपीएस मात्र बदलून बघा. तो प्रोसेसरपेक्षा बराच स्वस्त मिळतो.